जंतू मरतो दिवसांत, अंग मोकळं व्हायला वर्षं लागतात

पवनी तालुक्यातलं कोंढा हे माझं गाव. आसपासचे लोक कोंढा-कोसरा असं जोडूनच म्हणतात. धानाचा मुलूख, गावोगावी बोड्या आणि तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोगाचं प्रमाण राज्याच्या इतर भागांपेक्षा कायम जास्त राहिलं आणि माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली. कानाच्या पाळीला बारीक चिरा द्यायचा, निघालेला रस काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे. सुट्टीत गावी आलो की ओट्यावर रुग्ण नि त्यांचे नातेवाईक येऊन बसत. प्रत्येकाची विचारण्याची रीत वेगळी, पण प्रश्न बहुतेक एकच असे: गोळ्या चालू आहेत, मग अंग असं का वागतंय? त्याचं उत्तर जंतूत थोडं आणि जंतू ज्या पेशीत राहतो तिच्यात जास्त आहे. त्यातलं निम्मं मला पुस्तकांनी शिकवलं, निम्मं काचपट्ट्यांनी आणि माणसांनी.

१. जंतू किती आहेत याबरोबर ते कसे आहेत तेही बघावं.

काचपट्टीवर घेतलेला हा रस म्हणजे स्मिअर. तो घेताना कानाची पाळी दोन बोटांत घट्ट दाबून धरायची, म्हणजे रक्त मागे सरतं. मग ब्लेडनं साधारण पाच मिलिमीटर लांब चिरा द्यायचा आणि ब्लेड आडवं फिरवून कडेचा रस खरवडून घ्यायचा. तो काचपट्टीवर पसरून ज्योतीवर स्थिर करायचा. कार्बोल फुक्सिननं सगळं लाल होतं, आम्लानं बाकीच्यांचा लाल रंग निघून जातो, कुष्ठजंतूचा मात्र निघत नाही. वरून मिथिलीन ब्लू दिलं की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. त्या मोजून शून्य ते सहा अधिक असा आकडा द्यायचा. सहा अधिक म्हणजे एका दृश्यात हजाराहून जास्त जंतू, एक अधिक म्हणजे शंभर दृश्यं पाहिल्यावर जेमतेम एक ते दहा.

हा आकडा सगळे विचारत. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा स्मिअर घेतला आणि आकडा पाचच आला, तर रुग्णाचा चेहरा उतरायचा. काचपट्टीवर मात्र फार मोठा बदल झालेला असे. उपचाराआधी अनेक काड्या अखंड, सारख्या रंगलेल्या, टोकापासून टोकापर्यंत भरीव असत. काही आठवड्यांच्या औषधानंतर त्याच काड्या तुटक दिसत, मध्ये रिकाम्या, कुठे नुसते दाणे. भरीव काडी जिवंत असू शकते. तुटकी, दाणेदार काडी मेलेली. मोजणीत मात्र दोन्ही धरल्या जातात. म्हणून पाच अधिकचे दोन अहवाल कागदावर सारखे दिसले, तरी एका माणसाच्या अंगात रोग वाढत असतो आणि दुसऱ्याच्या अंगात तो संपलेला असतो.

आकडा खाली यायला वेळ लागतो. वर्षाला साधारण एक अंक, कधी त्याहून कमी. पाच अधिकवरून शून्यावर यायला पाच-सहा वर्षं किंवा जास्तही. गोळ्या तर वर्षभरातच संपतात. मग मधली सगळी वर्षं काम कोण करतं? पेशी करतात. धान कापून नेलं तरी बांधीत धसकटं राहतात आणि मातीतच हळूहळू कुजतात, तसं हे आहे. कापणी औषधानं केली, कुजवण्याचं काम शरीराकडे राहिलं.

२. हा जंतू आपल्याच रक्षक पेशीत राहतो, हे रुग्णाला सांगावं. त्याला ते कळतं.

बाहेरून आलेला जंतू गिळून पचवणं हे ज्या पेशींचं काम, त्यांना भक्षक पेशी म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत मॅक्रोफेज. कुष्ठजंतूलाही त्या गिळतात. गिळल्यावर जंतूभोवती एक पिशवी तयार होते. या पिशवीत पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिसळली की जंतू संपतो. जिवंत कुष्ठजंतू हे मिसळणं थोपवून धरतो. मेलेल्या जंतूला ते जमत नाही, त्याच्या पिशवीत पाचक रस येतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या भक्षक पेशींवर हे १९८०च्या दशकातच दाखवलं होतं. जंतूला मारणं का गरजेचं, याचं याहून स्वच्छ कारण मला सापडलं नाही: जंतू जिवंत असेपर्यंत पेशीला तिचं काम करता येत नाही.

जंतू तिथं नुसता लपून बसत नाही, पेशीलाही बदलतो. तिच्यात चरबीचे थेंब साठायला लागतात. ती फुगते, फेसाळ दिसते, आत जंतूंचे गुच्छच्या गुच्छ. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांच्या नावानं या पेशी ओळखल्या जातात. ती चरबी जंतूचं अन्न आहे. ज्या माणसाच्या त्वचेत अशा पेशी दाटल्या, त्याच्या कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, चेहऱ्यावर गाठी येतात. शेजारपाजारचे ज्याला तोंड बिघडलं म्हणतात, ते बरंचसं या फुगलेल्या पेशींमुळे.

याचा अभ्यास अवघड आहे, कारण नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला तरी आजतागायत तो प्रयोगशाळेतल्या बशीत कुणाला वाढवता आलेला नाही. तो वाढतो उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो नावाच्या प्राण्यात. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की त्याची शेकडो जनुकं निकामी झालेली आहेत. दुसऱ्याच्या पेशीशिवाय तो वाढू शकत नाही ते यामुळे. म्हणून औषधाचा खरा परिणाम पाहायचा तर जंतू आणि पेशी दोन्ही एकत्र पाहावे लागतात. मुंबईत डॉ. नोशिर अँटिया यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये असं काम बरीच वर्षं झालं. हे डॉ. अँटिया म्हणजे कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन. हात सरळ करणारा माणूस पेशीपर्यंत गेला, याचं मला फार मोल वाटतं.

३. पाकिटातल्या तीन औषधांची तीन कामं आहेत. त्यातलं एकही फालतू नाही.

एम.डी.टी. म्हणजे बहुविध औषधोपचार. जागतिक आरोग्य संघटनेनं तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवला आणि आपल्याकडे विदर्भातलाच वर्धा जिल्हा तो घेणाऱ्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी होता. वर्ध्याला कुष्ठसेवेची परंपरा जुनी. मनोहर दिवाणांचं दत्तपूर, १९५१ पासूनचं गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन आणि तिथं डॉ. वार्डेकरांनी घालून दिलेली पाहणी, शिक्षण, उपचार ही पद्धत. रोगी शोधत घरोघर जायचं, हे विदर्भातल्या कुष्ठ-कर्मचाऱ्यांच्या पिढ्या तिथूनच शिकल्या.

एम.डी.टी.च्या आधीच्या उपचारात एकटं डॅप्सोन होतं. ते जंतूला फॉलिक आम्ल बनवू देत नाही, त्यामुळे त्याची वाढ थांबते. पण एकट्या डॅप्सोनला जंतू सरावले. प्रतिकार करणारे जंतू १९६० च्या दशकातच सिद्ध झाले होते. जन्मभर गोळ्या खाऊनही रोग उलटलेली माणसं माझ्या आधीच्या पिढीनं पाहिली आहेत.

रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदाच, ६०० मिलिग्रॅम, कर्मचाऱ्यासमोर घ्यायचं. ते जंतूचा आरएनए बनवणारं विकर अडवतं. एका डोसनंतर काही दिवसांतच जिवंत जंतूंपैकी ९९ टक्क्यांहून जास्त संपतात. लघवी लाल होते ती याच औषधानं. रुग्णाला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर रक्त समजून तो दुसऱ्या दिवसापासून पाकीट ठेवून देतो.

तिसरं क्लोफाझिमिन. आयर्लंडमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटानं १९५० च्या दशकात क्षयरोगावर औषध शोधताना ते तयार केलं. मुळात ते एक रंगद्रव्य आहे. ते चरबीत मुरतं आणि नेमकं भक्षक पेशींतच साठून राहतं. जंतूवर त्याचा मारा संथ, म्हणून पुष्कळ दिवस त्याला मदतनीस औषध समजलं गेलं. जपानी संशोधकांच्या २०१२ च्या कामानं माझा त्याच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये कुष्ठजंतू सोडले. पेशींत चरबी साठली, चरबीचे थेंब टिकवणारं एक प्रथिन वाढलं आणि चरबी फोडणारं एक विकर कमी झालं. मग तिन्ही औषधं वेगवेगळी देऊन पाहिली. रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोननं या दोन्हींवर फरक पडला नाही. क्लोफाझिमिननं ते प्रथिन घटलं, विकर वाढलं आणि ४८ तासांत चरबीचे थेंब लक्षणीय कमी झाले. शिवाय पेशीला जागं करणाऱ्या इंटरफेरॉनचे संदेशही थोडा वेळ वाढलेले दिसले.

त्याच कामातली आणखी एक नोंद मला फार जवळची वाटली. रुग्णांच्या त्वचेच्या स्मिअरमध्ये हे चरबी फोडणारं विकर उपचाराआधी सापडतच नव्हतं, एम.डी.टी. सुरू झाल्यावर लवकरच ते परत दिसू लागलं. स्मिअर म्हणजे आम्ही घ्यायचो तोच रस. मी त्यात लाल काड्या मोजत होतो आणि त्याच रसात पेशी सुधारत असल्याची खूण होती.

प्रयोगशाळेतली पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे, हे मान्य. पण एक औषध जंतू मारतं, दुसरं त्याची वाढ रोखतं आणि तिसरं त्याच्याखालचं अन्न काढून घेतं, हे चित्र माझ्या काचपट्ट्यांशी जुळतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कमी डागांच्या, म्हणजे पी.बी. रुग्णांनाही तिन्ही औषधं द्यायची शिफारस केली. मला ती योग्य वाटते.

४. काळेपणाची तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

क्लोफाझिमिननं कातडी तांबूस-काळी पडते, कोरडी होते, डागांच्या जागी तर जास्तच. आमच्याकडची एक बाई म्हणाली होती, "भाऊ, बिमारी होती तवा मी गोरी होती, गोळ्या खाऊन काळी झाली. आता लोकायले दिसते ना!" तिचं म्हणणं अगदी खरं होतं. रोग झाकलेला होता आणि इलाज चेहऱ्यावर दिसत होता. अशा वेळी 'रंगाचं काय एवढं' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे पाकीट बंद पडतं. तिला मी पेशीचीच गोष्ट सांगितली: हा रंग औषधाचा आहे, ज्या पेशीत जंतू बसला होता तिथंच औषध जाऊन बसलंय म्हणून तो दिसतो. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांत, कुणाला वर्षभरानं, तो उतरतो. खोबरेल तेल लाव, उन्हात डोक्यावरून पदर घे. तिनं बाराही पाकिटं पूर्ण केली.

५. उपचार चालू असताना सूज आली, तर औषध सोडायचं नाही आणि दवाखानाही टाळायचा नाही.

एवढी एकच गोष्ट गावोगावी पोचली असती तर कितीतरी हात वाचले असते. औषधानं जंतू फुटले की त्यांचे तुकडे पेशीच्या बाहेरच्या बाजूला येतात. आतापर्यंत गप्प असलेल्या लढाऊ पेशी ते ओळखतात, इंटरफेरॉन सोडतात आणि भक्षक पेशी एकदम कामाला लागतात. जुने डाग लाल होतात, उठून येतात, गरम लागतात. डागावर हे झालं तर सोसवतं. पण जंतू नसांच्या आवरणातल्या पेशींतही असतात, आणि नस घट्ट आवरणात असल्यामुळे सुजायला जागा नसते. कोपराजवळची नस दबली की करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची दबली की पाऊल लुळं पडतं. याला पहिल्या प्रकारची रिॲक्शन म्हणतात आणि ती बहुतेक वेळा उपचाराच्या पहिल्या महिन्यांत येते.

ऐन रोवण्याच्या दिवसांत एका तरुण बाईच्या कोपरात कळा सुरू झाल्या. पऱ्ह्यांची पेंडी हातातून सुटायला लागली. घरच्यांनी ठरवलं, गोळ्या उष्ण पडल्या. सासू म्हणाली, "गोळ्यायनंच हात चालला, बंद कर." नशिबानं आशाताई त्याच वस्तीतल्या. त्यांनी तिला हाताच्या बोटांत कागद धरायला लावला, तो अलगद निघून आला. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, हात फळीवर बांधून विसावला, आणि एम.डी.टी.चं पाकीट एकही दिवस थांबलं नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा बांधीत होती. नस मंदावल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू झालं तर हात परत यायची आशा चांगली असते. उशीर झाला तर सूज ओसरते, पण बोट सरळ होत नाही. स्टेरॉइडचा डोस कमी-जास्त करण्याचं काम डॉक्टरांचं. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाल्ल्यानं बिघडलेली माणसंही मी पाहिली आहेत.

दुसऱ्या प्रकारची रिॲक्शन वेगळी. ज्यांच्या अंगात जंतू भरपूर होते त्यांनाच ती होते. ताप, सांधेदुखी, अंगावर नव्या दुखऱ्या लाल गाठी, कधी डोळा लाल. मेलेल्या जंतूंचे अंश आणि त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं एकत्र येऊन ऊतींत अडकतात, त्याचा हा जाळ. तो पुन्हा पुन्हा उसळतो, गोळ्या संपल्यावरही काही वर्षं. इथं क्लोफाझिमिन जास्त मात्रेत देतात, कारण ते सूजही कमी करतं. या रुग्णांचे हाल सगळ्यांत जास्त आणि त्यांना सगळ्यांत कमी समजून घेतलं जातं. जंतू मेलेत हे त्यांना आधीच सांगितलेलं असतं, म्हणून ते परत आले की कुणीतरी म्हणतं, तुझा इलाज झाला, आता काय उरलं? उरलेत ते मेलेले जंतू आणि त्यांच्याशी झगडणाऱ्या पेशी.

६. चोवीसचे बारा महिने झाले, ते खर्च वाचवायला नव्हे.

जास्त डागांच्या, म्हणजे एम.बी. रुग्णांना आधी दोन वर्षं किंवा स्मिअर निगेटिव्ह होईपर्यंत औषध देत. १९९८ पासून ते बारा महिन्यांवर आलं. लोकांना शंका आली आणि ती रास्त होती. पण मेलेल्या जंतूला आणखी मारता येत नाही. बारा महिन्यांनंतर राहतो तो आकडा बहुतेक मेलेल्यांचा, आणि त्यांना साफ करणारं कोणतंही पाकीट नाही. एम.डी.टी. १९९५ पासून जगभर रुग्णांना मोफत मिळतं. कमी केलं ते उगाच खाल्लेलं औषध.

७. पंगतीतून उठवू नये.

पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून संसर्गाची भीती जवळजवळ राहत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार असते, पाहुणे येतात. अशा वेळी ज्याला 'तू घरीच थांब' म्हणतात, तो बहुधा उपचार चालू असलेलाच असतो, कारण त्याचंच नाव गावाला माहीत असतं. त्याच्यापासून धोका नाही. धोका आहे तो ज्याच्या अंगावरचा फिका, बधिर डाग अजून कुणी पाहिलाच नाही त्याच्याकडून. हा रोग बाहेर पडायला सरासरी पाच वर्षं घेतो, कधी वीसही. लपवण्याची सवय लावणारं गाव स्वतःचंच नुकसान करतं.

८. गोळ्या संपलेल्यांची यादी गोळ्या चालू असलेल्यांइतकीच जपावी.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. मोठंच काम होतं ते. पण त्यानंतर स्मिअरचं काम खेड्यांतून जवळजवळ उठलं. आता डाग मोजून ठरवतात, पाचपर्यंत पी.बी., सहा किंवा जास्त असतील तर एम.बी. त्यानं उपचार लवकर सुरू होतो, हे खरं. मात्र कुणाच्या अंगात मेलेले जंतू किती उरलेत, कुणाला पुढची काही वर्षं रिॲक्शनचा धोका आहे, हे डाग मोजून कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक तालुक्यात स्मिअर घेणारं आणि वाचणारं एक तरी माणूस असावं, आणि ज्यांचा आकडा मोठा होता त्यांच्या नसा गोळ्या संपल्यावरही काही वर्षं ठरावीक काळानं तपासाव्यात. नसा तपासायला पेन, कागद आणि थोडा वेळ लागतो.

ज्यांच्या घरी कुणाचा कोर्स पूर्ण झाला आहे, त्यांना एक विनंती. लाजेपोटी उपचाराचं कार्ड फाडू नका, जाळू नका. कपड्यांच्या पेटीत, जमिनीच्या कागदांजवळ ठेवा. दोन-चार वर्षांनी ताप आला, गाठी उठल्या, हात-पाय जड वाटले किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी ते कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी संपल्या आणि स्मिअर झाला असेल तर त्याचा आकडा किती होता हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि ही रिॲक्शन आहे की रोग उलटलाय हे ठरवताना डॉक्टरांना सगळ्यांत आधी तेच लागतं.